पेग तोच, हिशेब वेगळा

साठ किलो वजनाचा पुरुष आणि साठ किलोचीच बाई. दोघांनी साठ मिलीचा एकेक पेग घेतला. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेलं एक गणित न्यायवैद्यक शास्त्रात आजही वापरतात. त्यात हे आकडे घातले की पुरुषाच्या रक्तात दर 100 मिलीमागे अंदाजे 49 मिलिग्रॅम अल्कोहोल येतं, बाईच्या रक्तात 61. सगळी दारू एकदम रक्तात उतरली असं हे गणित धरतं, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे कमी भरतील. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे, तेव्हा गाडीची किल्ली दोघांनीही तिसऱ्याकडे द्यावी हे बरं. पण वजन सारखं, पेग सारखा, आणि तरी बाईच्या रक्तात जवळजवळ पाव हिस्सा जास्त.

कारण अगदी साधं आहे. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, चरबीत फारसं शिरत नाही. पुरुषाच्या शरीरात सरासरी साठ टक्के पाणी असतं. बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, म्हणून पाणी पन्नास टक्क्यांच्या आसपास. तेवढंच मीठ कमी पाण्याच्या आमटीत पडलं तर ती खारट होणारच. त्यातून बायकांचं वजन सहसा कमी असतं, म्हणजे प्रत्यक्ष पार्टीत हा फरक आणखी वाढतो. वय वाढलं की शरीरातलं पाणी घटतं, त्यामुळे चाळिशीत झेपणारा पेग साठीत जड जातो. ‘मला चढतच नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांचा मेंदू सरावलेला असतो, इतकंच. रक्तातला आकडा आणि यकृतावरचा भार त्या अभिमानाने कमी होत नाही.

दुसरं कारण जठरातलं. 1990 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इटलीचे मारिओ फ्रेझा आणि न्यूयॉर्कचे चार्ल्स लीबर यांच्या गटाने 20 पुरुष आणि 23 स्त्रियांवरचा अभ्यास छापला. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं विकर जठरातच थोडी दारू मोडून टाकतं. स्त्रियांत त्याचं काम मंद दिसलं. हा शोध इतका गाजला की पुष्कळ लेखांत अजूनही हेच एकमेव कारण सांगितलं जातं. पुढच्या संशोधकांनी मात्र जठराचा वाटा एवढा मोठा असण्याबद्दल शंका घेतल्या, आणि उपाशीपोटी प्यायल्यावर तर तो नगण्यच. मला स्वतःला पाण्याचा मुद्दा जास्त भक्कम वाटतो.

इथे एक गंमत आहे. शरीराच्या मानाने बाईचं यकृत लहान नसतं, आणि रक्तातली दारू ते पुरुषाच्या यकृताइतक्याच, किंबहुना किंचित जास्त, झपाट्याने हटवतं. म्हणजे बाईला चढते जास्त आणि उतरतेही बऱ्यापैकी लवकर. पण या कष्टाची किंमत यकृतच मोजतं. कोपनहेगनमध्ये तेरा हजारांहून जास्त लोकांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुरुषांत यकृताच्या आजाराचा धोका आठवड्याला 14 ते 27 ड्रिंक्सच्या टप्प्यावर स्पष्टपणे वाढलेला दिसला, स्त्रियांत 7 ते 13 च्याच टप्प्यावर. साधारण निम्म्यावर.

ड्रिंक म्हणजे किती, हा आपल्याकडे नेहमी घोळाचा विषय. तीस मिलीच्या पेगात सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. ‘मी फक्त बिअर घेते’ म्हणणारीने बाटलीवरची अक्षरं एकदा वाचावीत: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत 41 ग्रॅम निघतं. एका बाटलीत तीसचे चार पेग झाले.

यकृताचं बहुतेकांना ठाऊक असतं. स्तनाचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच दारूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत. शरीरात दारू मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पेशीतल्या डीएनएला इजा करतं. स्तनाच्या बाबतीत भर पडते ती इस्ट्रोजेनची. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पाळी चालू असलेल्या 34 स्त्रियांना तीन पाळीचक्रं रोज 30 ग्रॅम अल्कोहोल दिलं, तेव्हा त्यांच्यातली इस्ट्रोजेनची पातळी वाढलेली आढळली. स्तनातल्या बऱ्याच गाठी याच संप्रेरकावर पोसल्या जातात. ग्लासात वाइन आहे, फेणी आहे की महागडी सिंगल माल्ट, याच्याशी पेशीला देणंघेणं नसतं.

धोका किती? 2002 मध्ये 53 अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली. त्यात स्तनाचा कर्करोग झालेल्या 58 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. रोजच्या दर 10 ग्रॅममागे धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, असं निघालं. सात टक्के ऐकून घाबरायला होतं, म्हणून हेच वेगळ्या रीतीने मांडते. विकसित देशांत कधीच न पिणाऱ्या शंभर जणींपैकी ऐंशीव्या वर्षापर्यंत साधारण नऊ जणींना (नेमकं 8.8) हा कर्करोग होतो. रोज दोन ड्रिंक्स घेणाऱ्यांत 10.1, चार घेणाऱ्यांत 11.6, सहा घेणाऱ्यांत 13.3. भारतात या आजाराचं मूळ प्रमाणच कमी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. शनिवारी एखादा ग्लास घेणारीने झोप उडवून घेण्यासारखं यात काही नाही. पण धोका पहिल्या ग्लासापासूनच चढू लागतो, आणि ‘हृदयासाठी थोडी रेड वाइन बरी’ म्हणताना तो हिशेबात कुणीच धरत नाही. शिवाय हृदयाच्या फायद्याचे जुने अभ्यासही आता डळमळीत झालेत: त्यांतल्या ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेली मंडळीही मोजली गेली होती.

गरोदरपणाचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. फ्रिट्झ फुक्स यांनी अकाली कळा थांबवण्यासाठी गरोदर स्त्रीच्या शिरेतून सलाइनसारखं अल्कोहोल द्यायला सुरुवात केली, आणि ही पद्धत पुढे बरीच रूढ झाली. अल्कोहोल ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला दाबतं, त्यामुळे कळा मंदावत. त्याच दशकात, 1968 मध्ये, फ्रान्समधल्या नाँतचे डॉ. पॉल लमॉइन यांनी मद्यपी आईबापांच्या 127 मुलांची नोंद छापली होती. वाढ खुंटलेली, चेहऱ्याची ठेवण एकमेकांसारखी. लेख फ्रेंचमध्ये, प्रादेशिक नियतकालिकात. फारसा कुणी वाचला नाही. 1973 मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तेच चित्र मांडलं आणि जग जागं झालं: डोळ्यांच्या फटी आखूड, नाक आणि ओठ यांमधली पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, डोकं लहान. वार दारू अडवत नाही आणि गर्भाच्या यकृतात ती मोडणारी विकरं जेमतेम असतात. पहिले काही आठवडे तर दिवस गेल्याचं बाईलाच माहीत नसतं. म्हणून गरोदरपणात ‘इतकी चालेल’ असं प्रमाण कुठलाही शहाणा डॉक्टर सांगत नाही.

ऑक्सिटोसिनवरून आपल्या घरातली गोष्ट आठवते. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला ‘अंगात ऊब यावी’ म्हणून ब्रँडी देतात, दूध उतरतं असाही समज असतो. दूध उतरवतं ते हेच ऑक्सिटोसिन, आणि ब्रँडी नेमकं त्यालाच दाबते. आईच्या रक्तात जेवढी दारू तेवढीच दुधात. 1991 च्या एका प्रयोगात आईने दारू घेतल्यावरच्या काही तासांत बाळं कमी दूध प्यायलेली दिसली. आजेसासूबाईंचा हेतू चांगलाच असतो. पण ऊब हवी तर शेगडी आणि डिंकाचे लाडू पुरतात.

स्त्रियांबद्दलची ही माहिती इतकी उशिरा का जमली, त्याचं उत्तर प्रयोगशाळेत सापडतं. 2015 मध्ये अमेरिकेत फ्लिबॅन्सेरिन हे औषध मंजूर झालं. औषध खास स्त्रियांचं, कामेच्छा कमी झालेल्यांसाठी. दारूबरोबर घेतलं तर रक्तदाब पडून भोवळ येते. दारूबरोबरच्या त्या चाचणीत किती जण होते? 25. त्यांतल्या स्त्रिया दोन.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 1.3 टक्के स्त्रियांनी दारू पितो असं सांगितलं. अरुणाचल प्रदेशात हे प्रमाण 24 टक्के आहे, गोव्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सासू शेजारच्या खोलीत असताना दारातल्या अनोळखी बाईला कोण खरं सांगणार, हा माझा संशय. पुरुष पिऊन घरी आला तर ‘दमला असेल’, बाई प्यायली तर तिचं चारित्र्य निघतं. मग ती लपवते, एकटीने पिते, आणि उपचाराला येते तोवर उशीर होतो. बाईचा पहिल्या पेगापासून व्यसनापर्यंतचा प्रवास पुरुषापेक्षा कमी वर्षांत होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला तो उगाच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ थायरॉइड विचारतात, साखर विचारतात. ‘दारू घेता का, किती?’ हा प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो.

ज्या बाईला रोज भरपूर लागते तिने हा लेख वाचून आज रात्रीच बाटली फेकू नये. अचानक थांबवल्यावर हातपाय कापतात, भास होतात, फिट येऊ शकते; डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेत दारू कमी करत आणावी लागते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 या क्रमांकावर आहे, फोन मोफत लागतो.