रिपोर्टिंग सर्व्हर क्लाउडवर वेगळा केला, तर लायसन्सही वेगळं लागतं का?

महिन्याचा विक्री अहवाल, थकबाकीची यादी, गोदामातला शिल्लक माल. अनेक कंपन्यांत हे रिपोर्ट डेटाबेसला जोडलेलं एखादं टूल तयार करतं. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांकडे हे काम बहुतेक वेळा एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, म्हणजेच एसएसआरएस करतं. २००४ मध्ये आलेलं हे टूल एसक्यूएल सर्व्हरच्या लायसन्सबरोबरच मिळतं. त्यामुळे ते फुकट आहे, असा समज होतो. क्लाउडवर गेल्यावर हाच समज महागात पडू शकतो.

घोळ नेमका कुठे होतो?

समजा, एका कंपनीचा डेटाबेस आणि एसएसआरएस एकाच सर्व्हरवर आहेत. तिथे एकच लायसन्स पुरतं. पण महिनाअखेरीला सगळे एकदम रिपोर्ट काढायला बसतात आणि बिलिंग रखडतं. मग आयटी टीम क्लाउडवर दुसरा व्हर्च्युअल सर्व्हर घेते आणि एसएसआरएस तिकडे हलवते. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्यच. पण नियम असा आहे, की एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस किंवा रिपोर्टिंगसारखा भाग ज्या मशीनवर चालतो, त्या प्रत्येक मशीनला लायसन्स लागतं. म्हणजे आता दोन सर्व्हर, दोन लायसन्स.

पैसे कशाचे मोजायचे?

कोअरच्या हिशोबाने लायसन्स घेतलं, तर व्हर्च्युअल सर्व्हरचे सगळे कोअर मोजले जातात आणि किमान ४ कोअरचे पैसे द्यावेच लागतात. रिपोर्टसाठी २ कोअरचा छोटा सर्व्हर घेतला, तरी लायसन्स ४ कोअरचंच.

स्टँडर्ड एडिशनमध्ये सर्व्हरचं एक आणि प्रत्येक वापरकर्त्याचं किंवा उपकरणाचं एक, असाही पर्याय आहे. इथेही एक मेख आहे. ५० कर्मचारी एका वेबसाइटमार्फत रिपोर्ट बघत असतील आणि वेबसाइट एकाच लॉगिनने सर्व्हरला जोडलेली असेल, तरी मोजणी त्या ५० जणांचीच होते.

क्लाउडवर पर्याय कोणते?

पहिला, लायसन्ससकट सर्व्हर भाड्याने घेणं. सर्व्हर जितका वेळ चालू, तितकं बिल. मात्र ॲझ्युअरवर फक्त विंडोजमधून शटडाउन करून भागत नाही. पोर्टलवरून सर्व्हर थांबवला, तरच त्याचं भाडं थांबतं.

दुसरा, कंपनीकडे असलेलं लायसन्स क्लाउडवर नेणं. त्यासाठी सॉफ्टवेअर ॲश्युरन्स चालू असावं लागतं किंवा लायसन्स सबस्क्रिप्शनचं असावं लागतं. आधी काही कंपन्या स्वतःसाठी राखीव क्लाउड मशीन घेऊन ॲश्युरन्सशिवाय काम भागवत. १ ऑक्टोबर २०१९ पासून घेतलेल्या लायसन्ससाठी मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल आणि अलिबाबा यांच्या क्लाउडवर ती वाट बंद झाली.

उलटी चूकही होते. ॲश्युरन्ससह लायसन्स असूनही लायसन्ससकट सर्व्हर निवडला, तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जातात.

फुकट एडिशन चालेल का?

डेव्हलपर एडिशन मोफत आहे, पण फक्त सॉफ्टवेअर बनवण्या-तपासण्यासाठी. रोजच्या कामकाजाचे रिपोर्ट त्यावर चालवता येत नाहीत. एक्सप्रेस एडिशन प्रत्यक्ष कामाला वापरता येतं, पण डेटाबेसच्या आकारावर मर्यादा असते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती १० जीबी आहे.

पुढे काय बदलतंय?

एसक्यूएल सर्व्हर २०२५ बरोबर एसएसआरएसची नवी आवृत्ती आली नाही. त्याची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरने घेतली आहे. पूर्वी त्यासाठी पॉवर बीआय प्रीमियम किंवा ॲश्युरन्ससह एंटरप्राइझ एडिशन लागायचं. एसएसआरएस २०२२ चालू राहील, पण नवं नियोजन करताना हा बदल धरावा लागेल.

मग कंपनीने काय करावं?

सर्व्हर हलवण्याआधी एक साधा तक्ता करावा. कोणत्या मशीनवर काय बसवलंय, एडिशन कोणतं, कोअर किती, रिपोर्ट कोण बघतं आणि लायसन्स भाड्याचं की स्वतःचं. मायक्रोसॉफ्टच्या करारात वापर तपासण्याचा हक्क राखलेला असतो आणि तपासणीत लायसन्स कमी निघाली, तर ती विकत घ्यावी लागतात. क्लाउडवर नवा सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न बटण दाबण्याआधीच विचारलेला बरा.