राज कपूरचे दहा सिनेमे आणि आपले जॉन चाचा



राज कपूर यांचा जन्म १४ डिसेंबर १९२४ चा, पेशावरचा. २०२४ साली त्याला शंभर वर्षं झाली, म्हणून भारतात १३ ते १५ डिसेंबर असे तीन दिवस त्यांचे दहा सिनेमे पुन्हा मोठ्या पडद्यावर लावले होते. चाळीस शहरं, १३५ थिएटरं आणि तिकीट फक्त शंभर रुपये. आम्ही नवरा-बायको त्या वेळी नातेवाइकांकडे मुंबईत होतो. आपल्यातल्या आजी-आजोबांनी हे सिनेमे तरुणपणी रांगा लावून पाहिले आहेत, आणि मुलांनी फक्त त्यातली गाणी लग्नात ऐकली आहेत. म्हणून दोघांसाठी हे चार शब्द.

१३ तारीख शुक्रवार होती, म्हणजे संध्याकाळ शब्बाथची. शनिवारी रात्री हवदाला झाली आणि आम्ही रिक्षा पकडली. पूर्वीचं थिएटर म्हणजे बाहेर रंगवलेलं मोठं पोस्टर, काळाबाजारवाले आणि आत लाकडी खुर्च्या. आता मॉलच्या वरच्या मजल्यावर सरकत्या जिन्याने जायचं, आणि पॉपकॉर्नचा भाव तिकिटापेक्षा जास्त! ते आम्ही घेतलं नाही, घरून चिवडा नेला होता. तोही दारावर काढून घेतला. असो.

सिनेमा होता ‘श्री ४२०’, १९५५ चा. मुलांनो, अलाहाबादहून एक तरुण पोटासाठी चालत मुंबईला येतो. प्रामाणिकपणाबद्दल मिळालेलं पदक तो गहाण ठेवतो आणि पुढे लबाडांच्या नादी लागतो, अशी गोष्ट. ४२० म्हणजे भारतीय दंड विधानातलं फसवणुकीचं कलम. गंमत अशी की १ जुलै २०२४ पासून भारतात नवी न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम आता ३१८ झालं. म्हणजे शंभरी साजरी झाली तेव्हा चारशेवीस कायद्यातून गेला होता. बोलण्यातून मात्र तो जायचा नाही. आपल्या घरात अजूनही लबाड माणसाला चारसौबीसच म्हणतात, अगदी हिब्रू बोलता बोलता!

याच सिनेमात नर्गिस शाळेतल्या मुलांना गाण्यातून कोडी घालते. तेच ते ‘इचक दाना’. हे गाणं इस्रायलमध्ये भारताशी काही संबंध नसलेल्या लोकांनाही माहीत आहे. बसमध्ये, बाजारात आपण भारतातले आहोत असं कळलं की समोरचा माणूस ते गुणगुणायला लागतो, हे आपल्यातल्या कितीतरी जणांनी अनुभवलं असेल. पण त्यातली कोडी किती जणांना सुटतात? एकाचं उत्तर अनार, म्हणजे आपलं डाळिंब, रोश हशानाच्या ताटातलं रिमोन. बाकीची उत्तरं मका, मिरची आणि मोर. कोणतं कोडं कशाचं, ते आपापल्या साबा-सावताला विचारा.

मराठी माणसाला या सिनेमात आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो. केळी विकणारी गंगामाई म्हणजे आपल्या ललिता पवार. आणि मग सिगारेटची लांब नळी हातात धरून माया येते तेव्हा सौ.ने शेजारच्या मुलीला कोपराने ढोसलं, "ही नादिरा, आमच्यातली!" त्या मुलीने मान हलवली, तिला काही कळलं नसावं. नादिराचं खरं नाव फ्लोरेन्स एझेकिएल. त्या बगदादी, आपण बेने इस्रायल. एके काळी ही बगदादी मंडळी आपल्याला जरा लांबच ठेवत असत, हे जुन्या लोकांना सांगायला नको. पण पडद्यावर नादिरा आल्या की आपल्या आया-मावश्यांनी असला भेद कधी केला नाही. २००६ साली त्या मुंबईतच वारल्या.

कपूर घराण्याशी आपला धागा याहूनही जुना आहे. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तो ज्या नाटकावरून घेतला ते जोसेफ डेव्हिड पेणकर यांचं, म्हणजे आपल्या बेने इस्रायल माणसाचं. आणि त्या बोलपटात काम केलं होतं राज कपूरचे वडील पृथ्वीराज यांनी. आज त्याची एकही प्रत जगात शिल्लक नाही. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला २०१७ च्या सप्टेंबरात आग लागली, त्यात जुने कपडे आणि सामान जळालं, आणि २०१९ मध्ये जागाच विकली गेली. म्हणून जे रीळ शिल्लक आहे ते दाखवलं जातंय याचं आम्हाला अप्रूप वाटलं.

पण एका गोष्टीची चुटपुट लागून राहिली. त्या दहांची यादी ‘आग’ (१९४८) पासून ‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) पर्यंत होती. मध्ये ‘बरसात’, ‘आवारा’, ‘संगम’, ‘मेरा नाम जोकर’, ‘बॉबी’ वगैरे सगळे. ‘बूट पॉलिश’ नव्हता! कोणी म्हणेल, तो राज कपूरने फक्त काढला, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. बरोबर आहे. मग ‘जागते रहो’चे दिग्दर्शक शंभू मित्र आणि अमित मैत्र, ‘जिस देश में गंगा बहती है’चे राधू कर्माकर, ते दोन्ही सिनेमे यादीत होते. तिथे राज कपूर हीरो होता म्हणून असेल. ‘बूट पॉलिश’मध्ये हीरो नाहीच. आहेत ती दोन अनाथ मुलं आणि आपले डेव्हिड अंकल.

डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊलकर म्हणजे अलिबागजवळच्या चौलचे. (मुलांनो, तुमच्या आडनावात कोणतं गाव लपलंय ते शोधा.) बुटके, टक्कल पडलेले, खणखणीत आवाजाचे. त्यांना १९६९ साली पद्मश्री मिळाली. शेवटची वर्षं कॅनडात काढून टोरांटोला ते वारले. ‘गोलमाल’ किंवा ‘बातों बातों में’ पाहिलेल्यांना ते म्हातारपणीचे ठाऊक आहेत, पण त्यांचं खरं काम ‘बूट पॉलिश’मधलं. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं बक्षीस त्यांना त्याबद्दलच मिळालं.

गोष्ट साधी आहे. भोला आणि बेलू या भावंडांना काकी मारते आणि भीक मागायला लावते. झोपडपट्टीत राहणारा जॉन चाचा त्यांना सांगतो की हात पसरू नका, हातांनी काम करा. मुलं काकीपासून लपवून पैसा पैसा साठवतात, ब्रश आणि पॉलिश विकत घेतात. हा चाचा काही संत नाही, तो चोरून दारू विकतो आणि तुरुंगात जातो. मुलांना भलं सांगणारा माणूस स्वतः वाकड्या वाटेवर, आणि ते त्यालाही कळतंय, हे डेव्हिडनी नुसत्या डोळ्यांनी दाखवलं आहे. तुरुंगात सगळे टकले कैदी मिळून पावसाला बोलावतात ते गाणं पाहताना लहान मुलं पोट धरून हसतात. आणि पुढे तोच पाऊस खरोखर येतो, रस्त्यावर चिखल होतो, बूट पॉलिश करून घ्यायला कोणी थांबत नाही, भावंडं उपाशी राहतात. तिथे हसणं थांबतं. बेलूचं काम करणाऱ्या बेबी नाझचा १९५५ साली कान महोत्सवात खास गौरव झाला होता.

मुंबईत तो मोठ्या पडद्यावर मिळाला नाही, म्हणून परत आल्यावर आम्ही घरी नातवंडांना दाखवला. थोरल्याने दहा मिनिटांत फोन काढला. धाकटी मात्र शेवटपर्यंत बसली. मध्ये मध्ये मराठीत विचारत होती, आम्ही हिब्रूत सांगत होतो, एरवी घरात नेमकं उलटं चालतं! चाचा तुरुंगात गेल्यावर तिने विचारलं, "हा आजोबा कोण लागतो आपला?" आम्ही म्हटलं, लागत कोणी नाही, पण गाव एकच.

तर आमची सूचना अशी, की दुसऱ्या कोणी लावण्याची वाट न बघता आपणच आपल्या मत्नासमध्ये एका शनिवारी रात्री, शब्बाथ संपल्यावर, हा सिनेमा लावावा. पडदा आणि खुर्च्या तिथे आहेतच. चहा आणि चिवडा आपला, तो दारावर कोणी काढून घेणार नाही. ज्यांना हिंदी कळते त्यांनी एकेका मुलाशेजारी बसावं.

आणि कोणाच्या जुन्या पेटीत डेव्हिड अंकलबरोबर काढलेला एखादा फोटो असेल, ठाण्याचा, मुंबईचा, कुठलाही, तर त्या दिवशी घेऊन या. मागे पेन्सिलीने साल आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहा. पेनाने नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.