स्त्रीच्या गाठीत वृषणाचं प्रथिन

मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग, झालेली एक स्त्री. तिच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, तिच्याच गाठीतल्या पेशी नेमक्या हेरून मारत होत्या. हेरत होत्या त्या कशावरून? ब्रसेल्समध्ये थिएरी बून आणि सहकाऱ्यांनी ते चिकाटीनं शोधून काढलं. १९९१ साली त्यांनी जाहीर केलेल्या जनुकाचं नाव मेज-१. निरोगी शरीरात हे जनुक कुठे चालू असतं याचा पुढे छडा लागला, आणि उत्तर निघालं : वृषणात!

स्त्रीच्या शरीरात वृषणाचं प्रथिन आलं कुठून? मेज-१ आणि त्याची जवळची भावंडं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणजे प्रत्येक स्त्रीकडेही ती असतातच. फक्त जन्मभर कुलपात. डीएनएवर मिथाइल गटांचे छोटे रासायनिक ठिपके बसलेले असतात, म्हणून ती बोलत नाहीत. कर्करोगाच्या पेशीत हे ठिपके जागोजागी गळून पडतात आणि शुक्राणू घडवण्याच्या कामातली ही प्रथिनं भलत्याच ठिकाणी तयार होऊ लागतात.

मला खरा अचंबा वाटतो तो यापुढच्या भागाचा. आपल्या बहुतेक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवतात आणि टी-पेशी ते तपासत फिरतात. शुक्राणू घडवणाऱ्या पेशी मात्र असं काहीच दाखवत नाहीत. शिवाय वृषणातल्या सर्टोली पेशींची घट्ट भिंत त्यांच्यातल्या बऱ्याच पेशींना रक्तापासून वेगळं ठेवते. म्हणजे मेजवर सोडलेल्या टी-पेशींना वृषण दिसतच नाही, गाठ तेवढी दिसते. औषधाला याहून चांगलं लक्ष्य कुठे मिळणार?

पण वाट सरळ नव्हती. मेज-ए३ हे मेज-१चं एक भावंड ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत धार लावलेल्या टी-पेशी दोन रुग्णांना दिल्या आणि काही दिवसांतच दोघंही हृदय निकामी होऊन दगावले. हृदयात मेज-ए३ नव्हतंच. तिथे टायटिन होतं, स्नायूंतलं अवाढव्य प्रथिन. त्याचा एक इवलासा तुकडा मेज-ए३च्या तुकड्याशी मिळताजुळता निघाला आणि टी-पेशी फसल्या. २०१३मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं. लक्ष्य कितीही निर्धोक वाटो, त्याच्यासारखं दिसणारं शरीरात आणखी कुठे दडलंय का, हे धुंडाळल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, ही जाणीव त्या दोन मृत्यूंनी दिली.

ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अफामी-सेल या उपचाराला मान्यता दिली. हा उपचार सायनोव्हियल सार्कोमावरचा, म्हणजे बहुधा तरुणांना, अनेकदा सांध्यांजवळच्या मऊ ऊतींत होणाऱ्या दुर्मीळ कर्करोगावरचा. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, मेज-ए४ या दुसऱ्या भावंडाचा तुकडा ओळखणारा नवा ग्राही रेणू त्यांच्यावर बसवायचा आणि एकदाच शिरेतून परत द्यायच्या. चाचणीत ४४ जणांपैकी १९ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. केमोथेरपी घेऊन झालेल्या, पुढे फारसा उपाय न उरलेल्या माणसांसाठी हा आकडा फार मोठा आहे.

हा उपचार सरसकट देता येत नाही. आधी रक्तातून एचएलएचा ठरावीक प्रकार जुळतो का ते बघतात, मग गाठीचा तुकडा रंगवून मेज-ए४ आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उपचार कोणाला लागू पडेल हे सांगणारी खूणही तेच प्रथिन, आणि उपचाराचा नेमही त्याच्यावरच.