घोडीचे घड्याळ वेगळे

ज्येष्ठ महिन्यात चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीला निघतात. मिरज-सांगलीवरून सातारा जिल्हा ओलांडत सुमारे तीनशे किलोमीटर चालून ते माउलींच्या पालखी सोहळ्यात दाखल होतात. सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. त्यामुळे या वाटेवरच्या माणसांना अश्वांचे अप्रूप आणि आपुलकी दोन्ही आहेत. रस्त्याच्या कडेला बायामाणसे हात जोडून उभी राहतात, अश्वाच्या पायाखालची माती कपाळाला लावतात.

एरवी सांगलीच्या विश्रामबागेत घोडा दिसतो तो वरातीत, नवरदेवाखाली. वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांच्या या उपनगरात वाढलेल्या पिढीने घोड्याचे शिंगरू क्वचितच पाहिले असेल. यात नवल नाही. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टे होती. 2019 मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. सात वर्षांत संख्या जवळजवळ निम्मी झाली.

तरी सांगली-साताऱ्यातून घोडी हद्दपार झालेली नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव, फलटण या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर आजही घोड्यांवर संसार लादून चराईला बाहेर पडतात. भांडीकुंडी, अंथरूण, वाघर, नुकतीच जन्मलेली कोकरे, कधी घरातले लहान मूलही घोडीच्या पाठीवर असते. ही घोडी बुटकी, काटक आणि खायला कमी लागणारी. भीमेच्या खोऱ्यावरून तिला भीमथडी म्हणतात. मराठी फौजांनी दूरदूरच्या मजला मारल्या त्या अशाच दख्खनी तट्टांच्या जोरावर. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी आणि भुतिया यांच्यानंतरची ही आठवी.

नोंद झाली, आनंद आहे. पण जात कागदावर टिकत नाही. ती टिकते दरवर्षी किती घोड्या सुखरूप व्यायल्या आणि किती शिंगरे जगली यावर. इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. आपण गायी-म्हशींची माणसे. भिलवडीला चितळ्यांनी 1939 मध्ये दुधाचा व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून कृष्णाकाठच्या घराघरात गाय कधी माजावर आली, कधी फळली, कधी व्यायची, याचे ज्ञान मुरलेले आहे. तेच ज्ञान घोडीला लावले की घात होतो. घोडीचे घड्याळ वेगळे चालते.

अकरा महिन्यांची वाट

गाय नऊ महिने नऊ दिवसांत मोकळी होते. घोडीचा काळ साधारण 340 दिवसांचा, म्हणजे सव्वाअकरा महिन्यांचा. त्यातही 320 पासून 365 दिवसांपर्यंत काहीही चालते. त्यामुळे कॅलेंडरवर तारीख लिहून भागत नाही, घोडीकडे पाहावे लागते.

शेवटच्या महिन्यात कास भरू लागते. शेपटीच्या बुडाजवळचे स्नायू सैल पडतात, निरण लांबट आणि ढिले होते. मग एके दिवशी सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब गोठलेले दिसतात. बहुतेक घोड्या त्यानंतर एक ते चार दिवसांत वितात. काही मात्र मेण न दाखवताच मोकळ्या होतात आणि काहींचे दूध आठवडाभर आधीच गळू लागते. हे दुसरे धोक्याचे, कारण पहिला चीक मातीत जातो.

आणि घोडी विते ती बहुधा रात्री. भोवती माणसांची वर्दळ असेल तर ती कळा लांबवू शकते, सगळे शांत झाले की आडवी होते. रानात वाघ-लांडग्यांच्या धाकात वाढलेल्या जनावराची ही जुनी सावधगिरी आहे. पुण्याजवळच्या मोठ्या स्टड फार्मवर यासाठी रात्रपाळीची माणसे असतात, तबेल्यात कॅमेरे असतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय 1 जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला जन्मावे म्हणून हिवाळ्यात घोड्यांना दिव्याच्या उजेडात ठेवून दिवस मोठा असल्याचे भासवतात. धनगराच्या वाड्यावर यातले काही नसते. वाडा सारखा हलतो आणि घोडी व्यायला आली म्हणून शेदोनशे मेंढरे एका रानात उपाशी ठेवता येत नाहीत.

अर्धा तास

पाणमोट फुटली की घड्याळ सुरू होते. गाय तास-दोन तास कळा देत राहिली तरी शेतकरी धीर धरतो आणि बऱ्याचदा ते बरोबरही असते. घोडीला ती मुभा नाही. तिच्या कळा इतक्या जोरकस असतात, की शिंगरू वीस-तीस मिनिटांत बाहेर यायलाच हवे. आधी एक पाय, किंचित मागे दुसरा, त्यांच्यावर टेकलेले नाक, हा योग्य क्रम. लांब पाय किंवा मान आत दुमडली असेल तर अर्ध्या तासानंतर डॉक्टर आले तरी वरातीमागून घोडे अशीच गत होते.

आणखी एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आधी दिसते ती पांढुरकी पिशवी. तिच्याऐवजी लालभडक मखमली पडदा बाहेर आला, तर वार वेळेआधी सुटली आहे आणि पिल्लाचा प्राणवायू तुटला आहे. तिथे फोन लावून वाट पाहायची नसते. पडदा लगेच फाडून शिंगरू बाहेर घ्यायचे असते.

बाहेर आलेल्या शिंगराचे खूर पाहण्यासारखे असतात. टोकांना रबरासारख्या मऊ, पिवळट झालरी लोंबत असतात. आईच्या पोटात लाथा बसल्या तरी गर्भाशयाला इजा होऊ नये म्हणून निसर्गाने घातलेले हे मोजे. शिंगरू उभे राहून चार पावले टाकते तसे ते झिजून जातात. पायांची लांबी मात्र मोठ्या घोड्याच्या पायांच्या जवळपास येणारी. म्हणून पहिले उठणे फार फजितीचे. पुढचे पाय फाकतात, मागचे उचलतात, नाकावर आपटते, पुन्हा उठते. त्याला हात देण्याचा मोह आवरावा. नाळही ओढून तोडू नये. आई किंवा पिल्लू हलले की ती आपोआप तुटते. मग उरलेले टोक जंतुनाशकात बुडवायचे.

एक, दोन, तीन

जगभरचे अश्ववैद्य पहिल्या रात्रीचा एक साधा हिशेब सांगतात. एका तासात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत त्याने दूध ओढावे, तीन तासांत घोडीची वार पडावी. गायीची वार बारा तास अडली तरी आपण फारसे घाबरत नाही. घोडीत तीन तासांनंतर ती आणीबाणी ठरते. गर्भाशयातले विष अंगात भिनते, खुरांना सूज येते आणि चांगली घोडी जन्मभर लंगडी होते. पडलेली वार अंथरून अखंड आहे का, हे पाहणेही तितकेच गरजेचे.

दुधाच्या तासाचे महत्त्व याहून मोठे. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रतिपिंडे पिल्लाकडे जात नाहीत. शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. सगळे कवच चिकात असते आणि आतडी ते शोषून घेतात फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या बारा तासांत उत्तम. नंतर कितीही दूध पाजा, तो दरवाजा बंद झालेला असतो.

पुण्याने याच तत्त्वावर मोठा उद्योग उभा केला. 1946 मध्ये सुरू झालेल्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचे सीरम काढण्यासाठी. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट जन्मली. माणसाला घोड्याची प्रतिपिंडे सुईतून मिळाली, शिंगराला ती आईच्या सडातून मिळतात. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, म्हणून व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी घोडीला त्याची लस दिली की चिकातही संरक्षण उतरते.

काही शिंगरे जन्मून धडधाकट दिसतात, पण आईला ओळखत नाहीत, सड शोधत नाहीत, भिंतीला नाक लावून उभी राहतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील पशुवैद्य जॉन मॅडिगन यांनी अशांसाठी साधी युक्ती रूढ केली. छातीभोवती मऊ दोरीचे वेढे घालून सुमारे वीस मिनिटे दाब द्यायचा. प्रसूतिमार्गातल्या दाबाची ती नक्कल. पोटातल्या झोपेतून मेंदूला जाग येते आणि दोरी सोडल्यावर अनेक शिंगरे उठून थेट कासेकडे जातात. जाणकाराच्या देखरेखीत करायचा हा उपाय आहे, पण त्याला लागते ती दोरीच.

रात्रीचा डॉक्टर

बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या आवारात 2023 च्या मे महिन्यात भ्रूण प्रत्यारोपणातून, दुसऱ्या घोडीच्या पोटी मारवाडी शिंगरू जन्मले. त्याचे नाव राज-प्रथमा. भीमथडीसाठीही उद्या असे प्रयोग होतील, व्हावेत. पण आटपाडीच्या माळावरच्या घोडीला आज त्याआधीचे हवे आहे. लस, खुणांची माहिती आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस.

त्यासाठी नवे काही उभारावे लागत नाही. साताऱ्यातल्या शिरवळला 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी 1962 हा क्रमांक आहे. महाविद्यालयाने भीमथडीच्या पट्ट्यातल्या गाभण घोड्यांची नोंदवही ठेवावी, चराईच्या वाटांवर लस पोचवावी आणि आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत, जिथे धनगर समाज हजारोंनी जमतो, तिथे एक-दोन-तीनचा हिशेब चित्रांसह समजावून सांगावा. घोडी पाळणाऱ्या वाचकांनी जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक आजच लिहून ठेवावा. कळा सुरू झाल्यावर तो शोधायला वेळ मिळत नाही.