मध्यंतरानंतर न झालेला खेळ

मार्च महिना लागला की अमेरिकेत विद्यापीठीय बास्केटबॉलचा ज्वर चढू लागतो. ६८ संघ, एक पराभव झाला की घरची वाट, आणि तीन आठवड्यांच्या धुमश्चक्रीनंतर एकच विजेता, असे या राष्ट्रीय स्पर्धेचे स्वरूप. पुरुषांची स्पर्धा १९३९ साली सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातही खंडित झाली नाही. ती झालीच नाही असे वर्ष एकच, २०२०. त्या वर्षाचा विचार, वाचकहो, मी या खेळाचा चाहता म्हणूनही करतो आणि डॉक्टर म्हणूनही. आणि दोघांची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही.

प्रथम डॉक्टरचे उत्तर. ११ मार्च २०२० च्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे १२ मार्चच्या पहाटे, युटा जाझ आणि ओक्लाहोमा सिटी थंडर या व्यावसायिक संघांचा सामना सुरू होण्याच्या बेतात होता. खेळाडू मैदानात उतरले होते. एवढ्यात थंडर संघाच्या वैद्यकीय पथकातील एक जण धावत पंचांकडे गेला. जाझच्या रूडी गोबेरला करोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले होते. सामना थांबला आणि त्याच रात्री एनबीएने संपूर्ण हंगाम स्थगित केला. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची महासाथ जाहीर केली तीही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स आणि क्रेटन या विद्यापीठांचा सामना मध्यंतरापर्यंत चालला. सेंट जॉन्स ३८-३५ असा पुढे होता. मध्यंतरानंतर खेळ सुरूच झाला नाही, आणि संध्याकाळपर्यंत एनसीएएने पुरुष व महिला अशा दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या.

बंद छताखाली हजारो माणसे खांद्याला खांदा लावून दोन तास ओरडत बसतात. श्वासातून पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा कोणती? निर्णय योग्यच होता. मध्यंतरापर्यंत तरी का खेळवले, एवढाच प्रश्न डॉक्टर विचारील.

गोबेरविषयी मात्र थोडे सांगावयास हवे. दोन दिवस आधी पत्रकारांसमोर त्याने गंमत म्हणून टेबलावरचे सारे ध्वनिक्षेपक हाताळले होते. बाधा झाल्यावर लोकांनी त्यालाच साथीचा गुन्हेगार ठरवले. वागणे पोरकट होते खरे. पण आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की पुढचा रुग्ण ताप लपवू लागतो, आणि त्यातून साथ अधिकच फैलावते. गोबेरने जाहीर क्षमा मागितली आणि साथीच्या मदतकार्यासाठी ५ लाख डॉलर देऊ केले. ३० जुलैला ओर्लँडोजवळील बंदिस्त संकुलात, रोजच्या चाचण्यांच्या पहाऱ्यात, हंगाम पुन्हा सुरू झाला, तेव्हा पहिला बास्केट त्यानेच नोंदवला. ११ ऑक्टोबरला लॉस एंजेलिस लेकर्स विजेते ठरले. उशिरा का होईना, व्यावसायिकांच्या हंगामाला शेवट मिळाला.

विद्यापीठांच्या हंगामाला तो मिळाला नाही, आणि चाहता म्हणून माझे मन अडकते ते येथेच. ओहायो राज्यातील डेटन हे काही मोठे शहर नव्हे. २०१९ च्या मे महिन्यात तेथे चक्रीवादळांनी घरे उद्ध्वस्त केली आणि ऑगस्टमध्ये एका बंदूकधाऱ्याने नऊ जणांचा बळी घेतला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तेथील विद्यापीठाचा संघ ३१ पैकी २९ सामने जिंकला आणि देशात तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. राष्ट्रीय विजेतेपद या संघाला कधीच मिळालेले नाही. १९६७ साली तो अंतिम सामन्यात हरला होता. दुःखातून सावरणाऱ्या गावाला असा संघ काय देतो, हे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. पण संध्याकाळी बाहेर पडण्याचे निमित्त, अनोळखी शेजाऱ्याशी बोलण्याचा विषय आणि उद्याची वाट पाहण्याचे कारण, या तिन्ही गोष्टी मी उदास रुग्णांना नेहमीच सुचवतो. डेटनला त्या आपसूक मिळाल्या होत्या.

किंवा ओरेगॉन विद्यापीठाची सब्रिना योनेस्कू घ्या. २०१९ मध्ये तिचा संघ उपांत्य फेरीत हरला. व्यावसायिक संघात जाण्याची संधी असूनही, अपुरे राहिलेले काम पुरे करण्यासाठी ती शेवटच्या वर्षाला परतली. विद्यापीठीय कारकिर्दीत २००० गुण, १००० असिस्ट आणि १००० रिबाउंड नोंदवणारी ती स्त्री-पुरुषांतील पहिली खेळाडू ठरली. ज्या स्पर्धेसाठी ती परतली, ती झालीच नाही. तिला निदान पुढे व्यावसायिक कारकीर्द होती. बहुसंख्य खेळाडूंना ती नसते; शेवटच्या वर्षाचा शेवटचा सामना हाच त्यांच्या खेळाचा शेवट. ३० मार्चला एनसीएएने वसंत ऋतूतील खेळांच्या विद्यार्थ्यांना एक वाढीव वर्ष दिले. बास्केटबॉल हा हिवाळी खेळ, त्याला ते दिले नाही. हंगाम बहुतेक संपलाच होता, हा युक्तिवाद. हिशेब म्हणून बरोबर. पण बावीस वर्षांच्या मुलाला त्याने झोप लागणार नाही.

माझ्या अनुभवात, अशा दुःखाला घरात कोणी दुःख म्हणत नाही. कोणी गेलेले नसते, म्हणून भेटायला कोणी येत नाही. ‘लोक मरताहेत आणि तुला खेळाचे पडले आहे’ हे वाक्य सर्वांत आधी येते. मग मूल बोलणे थांबवते आणि शरीर बोलू लागते: झोप उडणे, पोटदुखी, भूक मंदावणे, कारणाशिवाय चिडचिड. आपल्याकडे त्याच वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. थोरांना त्याची गंमत वाटली. पण वर्षभर तयारी करून शेवटचा पेपर न देताच शाळा सुटलेल्या काही मुलांना हायसे वाटले नाही, चुकल्या चुकल्यासारखे वाटले.

अशा वेळी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याची घाई करू नका. ज्याला पुढचे वर्षच नाही त्याला ते बोचते. काय हुकले ते त्याला सविस्तर सांगू द्या, प्रतिस्पर्धी संघाच्या नावासह. झोपण्या-उठण्याची वेळ सैल होऊ देऊ नका. आठवडे-दोन आठवडे त्याच्याकडे नीट लक्ष असू द्या. अभ्यास, जेवण, मित्र सारेच सुटत असेल, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

शरीराचेही पाहावे लागते. रोजचा सराव अचानक थांबला की दोन-तीन आठवड्यांत दमसास घटू लागतो, आणि मूल त्यालाही स्वतःचे अपयश समजते. पुन्हा सुरुवात करताना निम्म्या भाराने करा. ताप असताना किंवा अंग मोडून आलेले असताना खेळणे सक्त वर्ज्य. विषाणूजन्य तापात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या अवस्थेतला जोराचा व्यायाम प्राणावर बेततो. तापानंतर छातीत दुखणे, धडधड, थोड्याशा श्रमाने धाप किंवा भोवळ यांपैकी काहीही आढळल्यास मैदान बंद, आधी हृदयाची तपासणी. सूज निश्चित झाली तर साधारण तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ नाही.

आणि धोका टळल्यावर, जमल्यास, त्या जुन्या गड्यांना एखाद्या रविवारी एकत्र बोलवा. शाळेचे मैदान मिळते, चेंडू कोणाकडे तरी असतोच. संघाचे जुने शर्ट आता घट्ट होत असतील, तरी तेच घालून येऊ द्या.