पहिली दहा मतं

अमेरिकेत २००४च्या अखेरीस सुरू झालेल्या डिग या वेबसाइटचा दावा साधा होता: पहिल्या पानावर काय जाणार, हे संपादक नाही, वाचक ठरवतील. दुवा कुणीही टाकावा, आवडला तर मत कुणीही द्यावं. जुलै २००६मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा पहिल्या पानावरचा सुमारे ५६ टक्के मजकूर अवघ्या १०० जणांनी टाकलेला निघाला. सदस्यसंख्या तेव्हा लाखांत होती.

‘कंपूशाही’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ही मंडळी राबत होती, हेही खरं. त्याच महिन्यात प्रतिस्पर्धी साइट नेटस्केपनं अशा साइटांवरच्या आघाडीच्या सदस्यांना फोडण्यासाठी महिना १,००० डॉलर देऊ केले. अट किमान १५० दुव्यांची. दुव्यामागे साडेसहा डॉलरच्या वर पडतात. फुकटच्या कामाला बाजारानं लावलेला हा भाव. तरीही मेहनतीनं सगळा उलगडा होत नाही. डिगवर मित्र जोडता येत आणि मित्रांनी काय टाकलं, कशाला मत दिलं, ते वेगळं दिसे. क्रिस्टिना लर्मन यांच्या अभ्यासात आढळलं, की सदस्यांचा कल मित्रांनी टाकलेल्या आणि मित्रांना आवडलेल्या बातम्यांकडेच असतो. गोतावळा मोठा, त्याची बातमी वर. यात नियम कुणी मोडला? कुणीच नाही.

खरी गंमत गणितात आहे. रेडिट या डिगसारख्याच साइटनं २००८ साली आपली प्रणाली खुली केली, त्यात ‘हॉट’ यादीचं सूत्रही होतं. बाजूच्या मतांतून विरोधी मतं वजा करायची आणि उरलेल्या आकड्याचा १० पायाचा लॉगरिदम घ्यायचा. १० मतांना १ गुण, १०० मतांना २, १,००० मतांना ३. म्हणजे पहिल्या १० मतांनी जो गुण मिळतो, तसाच दुसरा मिळवायला आणखी ९० मतं लागतात, तिसऱ्याला ९००. शिवाय साडेबारा तास उशिरा आलेल्या दुव्याला एक गुण आपोआप जास्त, म्हणजे जुन्यानं जागा अडवून बसू नये. हेतू चांगलाच. पण दुवा यादीत दिसायच्या आधीची ती १० मतं देणार कोण? ओळखीचेच. दहा मित्रांचं वजन नंतरच्या नव्वद अनोळख्यांएवढं, आणि तेही एका माणसाला एकच मत ठेवून.

या गणितात चांगलं किती निसटतं? संशोधक एरिक गिल्बर्ट यांनी २०१३मध्ये रेडिटवरचे पुढे लोकप्रिय ठरलेले दुवे तपासले. त्यातल्या ५२ टक्के दुव्यांकडे ते पहिल्यांदा टाकले गेले तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दुवा तोच होता; वेळ किंवा टाकणारा हात वेगळा.

त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या साइटवरच्या १,०१,२८१ प्रतिक्रियांपैकी ४,०४९ प्रतिक्रिया संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कुठल्याही निवडल्या आणि प्रत्येकीला बाजूचं एक मत देऊन ठेवलं. पुढच्या वाचकानं बाजूनं मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी. उलट, मुद्दाम दिलेलं विरोधी मत वाचकांनी भरून काढलं. मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैऱ्याचा खोडसाळपणा गर्दी दुरुस्त करते, मित्राची मेहेरबानी करत नाही. बंदोबस्त मात्र बहुतेक ठिकाणी वैऱ्यांचाच असतो.

डिगनं सप्टेंबर २००६मध्ये सूत्र बदललं: मतं किती यापेक्षा ती वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांकडून आली का, हे पाहायचं. आघाडीचे सदस्य संतापले, जानेवारी २००८मध्ये पुन्हा बंडाची भाषा झाली. डिगचं पुढं बरंच काही चुकलं, पण या मुद्द्यावर ते बरोबर होते. दुसरा उपाय कौलच झाकायचा. २०२४ची लोकसभा निवडणूक ७ टप्प्यांत झाली, तरी शेवटचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोलला बंदी होती. आधीच्यांचा कौल बघून पुढच्यांनी मत देऊ नये म्हणूनच ना? रेडिटनंही २०१३पासून नव्या प्रतिक्रियांचे गुण काही काळ झाकायची सोय दिली.

पण आकडा झाकून भागत नाही, क्रमही बोलतो. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६मध्ये १४,३४१ जणांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांच्या डाउनलोडचे आकडे दिसत नव्हते. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटाचे आकडे दिसत होते. आकड्यांविना २६वं आलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात ४०वं. सुरुवातीला गाणी पडद्यावर कशीही विखुरलेली होती. नंतर त्यांनी ती डाउनलोडच्या क्रमानं एकाखाली एक लावली, आणि लोकप्रिय व दुर्लक्षित गाण्यांमधली दरी आणखी रुंदावली.