आदर्श निवासस्थानाची निवड : आटगाव परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

कोठे राहावे, हा प्रश्न मनुष्य फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. ‘चाणक्यनीती’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या सुभाषितसंग्रहात त्याचे उत्तर निषेधरूपाने आढळते. जेथे सन्मान नाही, उपजीविका नाही, आप्त नाहीत व विद्येचा लाभ नाही तो देश सोडावा. जेथे धनिक, वेदज्ञ, राजा, नदी व वैद्य हे पाच नाहीत तेथे एक दिवसही राहू नये, असा त्याचा आशय आहे. महानुभाव पंथाचे श्रीचक्रधरस्वामी यांनी अनुयायांना महाराष्ट्रात वास्तव्य करण्याची आज्ञा दिली. तेथे कसोटी सोयीची नसून साधनेची होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त, दुर्ग बांधण्यापूर्वी त्या जागी पाणी आहे किंवा नाही हे पाहण्यास सांगितले आणि एका झऱ्याच्या भरवशावर न राहता साठवणाची टाकी बांधण्याचा इशारा दिला. सुभाषितकाराच्या मनात जागा सोडण्याचा विचार आहे, अमात्यांच्या मनात जागा धरून राहण्याचा. हा भेद वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु आदर्श निवासस्थानाविषयी आज जी चर्चा चालते तिची मर्यादा नेमकी याच भेदात सापडते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या आटगाव परिसराच्या आधारे ही मर्यादा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवड करणाऱ्याची दृष्टी

अलीकडच्या काळात राहण्यास योग्य शहरांच्या क्रमवाऱ्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. ‘द इकॉनॉमिस्ट’ समूहाच्या संशोधन विभागाचा निर्देशांक त्यांपैकी विशेष परिचित आहे. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच घटकांवर तो जगातील १७३ शहरांना गुण देतो. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे व्हिएन्ना त्यात प्रथम होते. २०२५ मध्ये तो मान कोपनहेगनला मिळाला. भारत सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांचा ‘राहणीमान सुलभता निर्देशांक’ जाहीर केला, तेव्हा पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि ठाणे सहावे आले. एकाच राज्यातील, किंबहुना एकाच खाडीच्या आसपासची तीन शहरे पहिल्या सहांत यावीत, ही बाब वृत्तपत्रांतून कौतुकाने नमूद झाली.

अशा पाहण्यांचा एक उपयोग परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांना द्यावयाचा गैरसोयीचा भत्ता ठरविण्यासाठी होत आला आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणजे मोजमाप करणाऱ्यासमोर जी व्यक्ती असते ती बाहेरून येणारी, पगारदार व पर्याय असलेली असते. अर्थशास्त्रातही हीच व्यक्ती गृहीत धरलेली दिसते. चार्ल्स टिबाऊ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये असे प्रतिपादन केले की, नागरिक आपल्या पसंतीच्या सेवा व कर असलेल्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत जाऊन राहतात आणि या स्थलांतरातूनच त्यांची पसंती व्यक्त होते. नागरिकाला हवे तेथे जाता येते व पर्यायांची पूर्ण माहिती असते, ही त्याची गृहीतके होती.

या क्रमवाऱ्यांत न मोजली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. वरच्या क्रमांकाच्या शहरामागे बहुधा एखादा डोंगराळ प्रदेश उभा असतो. व्हिएन्नाला १८७३ पासून आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी दूरवरून वाहिनीने मिळत आले आहे. मुंबईला १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाल्यावर शहापूरच्या डोंगरांचे पाणी मिळू लागले. शहराच्या गुणपत्रिकेत पाणीपुरवठ्याचे गुण मिळतात ते शहराला. ज्या खोऱ्यातून ते पाणी आले त्या खोऱ्याची गुणपत्रिका कोणीच काढत नाही.

आटगाव : एक स्थान, तीन निवडी

मुंबईपासून रेल्वेने सुमारे ९५ कि. मी. अंतरावर, आसनगाव व खर्डी या स्थानकांच्या दरम्यान आटगाव आहे. हा लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला. पश्चिमेला तानसा अभयारण्याचे जंगल आहे. नैर्ऋत्येस आसनगावजवळ माहुलीचा किल्ला आहे. १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही फौजांपुढे निजामशाहीचा वारस घेऊन शहाजीराजांनी अखेरचा आश्रय घेतला तो याच किल्ल्याचा.

आज या परिसरात राहण्याच्या निवडीचे तीन प्रकार एकमेकांशेजारी दिसून येतात. पहिला प्रकार शहरातील सुस्थित कुटुंबांचा. हिरवे डोंगर, शुद्ध हवा आणि महामार्ग जवळ, या कारणांसाठी ते बिनशेती भूखंड घेऊन बंगला बांधतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो. अशा घराला कुंपण, विंधन विहीर व राखणदार असतो आणि मालक बहुधा शनिवार-रविवारी येतो. दुसरा प्रकार उपनगरांतील घरांच्या किमती न परवडल्यामुळे वासिंद, आसनगाव, आटगावकडे सरकलेल्या नोकरदारांचा. कसारा लोकलने मुंबईच्या टोकापर्यंत दोन तासांहून अधिक काळ लागतो. त्यांनी जागा निवडली, असे म्हणण्यापेक्षा मासिक हप्त्याने त्यांची जागा निवडली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

तिसरा प्रकार मूळ रहिवाशांचा आहे आणि तोच या विवेचनाचा गाभा होय. ठाकूर, वारली, महादेव कोळी, कातकरी या आदिवासी जमाती आणि कुणबी, आगरी ही शेतकरी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. खलाटीत भात, वरकस जमिनीत नाचणी व वरई असा येथील शेतीचा क्रम आहे. पावसाळ्यात येथे राहण्यासारखी दुसरी जागा नाही, असे कोणालाही वाटावे. प्रश्न उरतो तो इतर महिन्यांचा.

पाणी, जागा आणि उपजीविका

तानसा, मोडकसागर (१९५७), भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात वा त्याच्या सीमेला लागून आहेत. एकट्या भातसाकडून मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा हिस्सा येतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील बारवी धरणाचे पाणीही औद्योगिक वसाहतींकडे व शहरांकडे जाते. याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे अलंकार म्हणून वापरली जात नाही.

याचे एक कारण भूरचनेत आहे. पाऊस विपुल पडतो, पण तो चार महिन्यांतच. आणि काळ्या कातळाचा उतार तो धरून ठेवीत नाही. जलाशय खोऱ्याच्या तळाशी आणि पाडे टेकड्यांवर, त्यामुळे समोर दिसणारे पाणी पाड्यापर्यंत आणावयाचे तर ते उचलावे लागते. मार्चनंतर स्त्रिया ओढ्याच्या वाळूत डवरे खणून झिरपलेले पाणी वाटीने हंड्यात भरतात. तथापि, सर्व दोष कातळावर टाकणे योग्य नव्हे. तेच पाणी शंभर किलोमीटर दूरच्या बहुमजली इमारतीत चढते, तेथे उंचीचा प्रश्न सोडविला गेलेला असतो. शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांसाठी अखेर नाशिक जिल्ह्यातील, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचे पाणी गुरुत्वाकर्षणाने आणण्याची योजना मंजूर करावी लागली. धरणांच्या तालुक्याने शेजारच्या जिल्ह्यातून पाणी आणावे, यातील विसंगती वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा प्रश्न पायाखालच्या जागेचा. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात १९७४ मध्ये कलम ३६अ घालण्यात आले. परंतु ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याला या संरक्षणाचा उपयोग काय? कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. काताचा व्यवसाय करणारे म्हणून हे नाव त्यांना मिळाले. तो व्यवसाय जंगलाच्या राखीवीकरणानंतर संपला आणि बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन मजूर झाली. त्यांच्या अनेक वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर, पूर्वीच्या मालकांच्या संमतीने वसलेल्या आहेत. जोपर्यंत माळरानाला किंमत नव्हती तोपर्यंत ही संमती पुरेशी होती. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनी रायगड-ठाणे भागातील कातकरी वाड्यांविषयीच्या २०१३ मधील ग्रंथात असे दाखविले आहे की, शहरी गुंतवणुकीमुळे जमिनीचे भाव वाढू लागताच मालकांकडून वाड्यांना कुंपणे पडू लागली आणि विस्थापनाचे भय निर्माण झाले. कुळकायद्यात शेतमजुराच्या राहत्या घराखालील जागेला संरक्षण देणाऱ्या तरतुदी आहेत. मात्र त्यांचा लाभ मिळण्यासाठी घर तेथे पूर्वापार होते हे कागदाने सिद्ध करावे लागते, आणि कागद हीच या समाजाची सर्वांत मोठी उणीव आहे. शहरी कुटुंबाच्या पसंतीचा ‘शांत, निसर्गरम्य भूखंड’ आणि कातकऱ्याची बेभरवशाची वाडी, या एकाच बाजारभावाच्या दोन बाजू होत. येथे व्हिएन्नाचे उदाहरण पुन्हा आठवते. त्या शहरातील सुमारे निम्मे रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात; तेथील लौकिक राहणाऱ्याच्या या निश्चिंतीवर उभा आहे, हे क्रमवारी वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

तिसरा प्रश्न उपजीविकेचा. भातकापणी व दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल तेथे फेडावयाची असते. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली; ती जेथे नीट चालते तेथे मूल गावात राहते व आईबाप भट्टीवर राहतात. टिबाऊच्या भाषेत बोलावयाचे तर या कुटुंबांनी पायांनी मतदान केले आहे. पण हे मत भट्टीच्या बाजूचे मानता येत नाही, कारण जून लागताच तीच माणसे त्याच वाटेने वाडीवर परततात.

म्हणून एखादे स्थान राहण्यास कितपत योग्य आहे, हे तेथे बाहेरून येऊ इच्छिणाऱ्यास विचारण्याआधी, तेथील जुन्या रहिवाशाला बाराही महिने राहता येते काय, असे विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल. या कसोटीवर आटगावला आज कमी गुण मिळतील, आणि ते कमी करण्यात पहिल्या सहांत आलेल्या शहरांचाही वाटा असेल. परंतु ही कसोटी लावण्यासाठी माणूस कोठला रहिवासी आहे हे आधी ठरावे लागते, आणि तेथेही अडचण आहे. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. संदर्भवेळ १ मार्चची होती. २०२७ च्या जनगणनेसाठीही १ मार्च हीच संदर्भवेळ जाहीर झालेली आहे. त्या संपूर्ण काळात जो नेहमीच्या घरी नसतो त्याची गणना तो सापडेल तेथे होते. फेब्रुवारीत वीटभट्ट्या भरात असतात, आणि आटगावच्या बाजूच्या अनेक कातकरी घरांना त्या वेळी बाहेरून कडी असते.